तिसरं बोट

"काका, बॅटरी टिकत नाही," असं म्हणत तिनं फोन काऊंटरवर ठेवला, पण हात काही फोनवरून काढला नाही. इतकी वर्षं काऊंटरमागं काढल्यावर एवढं तर कळतंच. ज्याची बॅटरी खरोखर गेलेली असते, तो फोन आपटतो आणि 'कितीला पडेल' विचारतो. ही मुलगी मागं वळून रस्त्याकडं बघत होती. बडी चावडीकडून भाजीच्या पिशव्या घेऊन येणाऱ्या बायका, कोठीच्या जुन्या पुस्तकांकडं निघालेली पोरं, मेट्रोच्या खांबाला टेकून चहा पिणारा एक हवालदार. यात ती कुणाला शोधत होती ते मी विचारलं नाही. मराठी बोलली म्हणून स्टूल पुढं सरकवलं. आमच्या गल्लीत गिऱ्हाईक तेलुगूत नाहीतर दखनीत तोंड उघडतं. मराठी कानावर पडलं की पोर नांदेड, देगलूर, उदगीर अशा कुठल्यातरी गावाहून शिकायला आलंय, हे ओळखायचं.

बॅटरी धडधाकट होती. बॅटरी कोण खातंय ते फोन स्वतःच सांगतो, त्या यादीत सगळ्यात वर मॅप्स.

"रोज लांब जातेस का गं?"

"नाही. हॉस्टेल ते कॉलेज. चालतच."

मॅप्स उघडायला लावलं. लोकेशन कुणालातरी चालू होतं. मुदतीच्या जागी 'बंद करेपर्यंत' असं होतं. तिला ते माहीत होतं, ती काही बोलली नाही. मग मी, सवयीनं म्हणा, विचारलं की बोटं किती नोंदवलीत. "दोन. दोन्ही अंगठे." यादीत तीन होती. काही फोनमध्ये ही सोय असते: यादी उघडून बोट टेकवलं की ज्या ओळीचं ते बोट असेल ती ओळ क्षणभर उजळते. उजवा अंगठा, पहिली ओळ. डावा अंगठा, दुसरी. मग तिनं एकेक करत उरलेली आठही बोटं लावली, शेवटी डाव्या हाताची करंगळीसुद्धा. तिसरी ओळ काही उजळली नाही.

"त्याचं असेल," ती म्हणाली. "सेटिंग त्यानंच करून दिलं होतं." ओढणी मैत्रिणीकडं राहिली, असं सांगावं तशा आवाजात.

माझं दुकान सात फूट बाय नऊ. हैदराबादच्या सुलतान बाजारात वडिलांनी ते घड्याळदुरुस्तीसाठी घेतलं, तेव्हा जुनी माणसं या भागाला अजून रेसिडेन्सी बाजार म्हणायची. वडील डोळ्याला भिंग लावून बसायचे आणि त्यांचा एक नियम होता, तो मला तेव्हा विनोदी वाटायचा. घड्याळाच्या झाकणाच्या आत कुणाचं नाव, तारीख, कधी एखादी ओळ कोरलेली असते. वडील ते वाचायचे, आणि वाचलंच नाही असं वागायचे. मी विवेकवर्धिनीत बी.कॉम. करत होतो तोवर घड्याळं उतरणीला लागली होती. नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमारास आम्ही दुकानाच्या अर्ध्या भागात एसटीडी बूथ टाकला. पिवळी पाटी, काचेची खोली, लाल आकड्यांचा मीटर आणि टर्रर्र करत निघणारी पावती.

त्या काचेच्या खोलीत किती प्रेमं बघितली म्हणून सांगू! रात्री दर पाव व्हायचा, तेव्हा पोरं रांग लावायची. एकेकाचं भांडण मीटरबरोबर चढायचं आणि खिशातले पैसे संपले की विझायचं. रडारड, धमक्या, जीव देतो म्हणणं, सगळं तेव्हाही होतं. आजकालच्या पोरांनी काही नवीन शोधलेलं नाही. पण फोन ठेवला की ठेवला. पलीकडची मुलगी शेजारच्या घरचा फोन ठेवून आपल्या घरी जायची, आणि तिच्यामागं त्या पोराला जायचं तर गाडीचं तिकीट काढावं लागायचं. कडू माणसालाही अंतर कापावं लागायचं आणि त्यात त्याचा दम निघायचा. आता अंतरच उरलेलं नाही.

बूथ गेला, मोबाईल आले. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि आमच्या गल्लीत जणू पूर आला. ज्या पोराकडं कधी रिचार्जला पैसे नसायचे, तो दिवसभर ऑनलाइन. आमच्या धंद्याला ते बरं झालं, खोटं कशाला बोलू. डिस्प्लेचे कॉम्बो, चार्जिंगच्या पट्ट्या, पॅटर्न तोडणं, फॉरमॅट मारणं, रात्री दहापर्यंत मान वर होत नव्हती.

त्याच गर्दीत माझ्या हातून ते झालं. साधारण बाविशीचा एक मुलगा कोरा फोन घेऊन आला. 'गर्लफ्रेंडचा बर्थडे आहे चाचा, सेट करके दे दो, उसको कुछ आता नहीं.' तिच्या नावाचा गुगल अकाऊंट मी उघडला; रिकव्हरीला नंबर त्याचा टाकला, कारण तोच समोर होता. पासवर्ड त्यानं सांगितला, मी चिठ्ठीवर लिहून दिला. नकाशावर तिची जागा त्याला दिसेल असं करून मागितलं. 'रात को ट्यूशन से आती है, टेन्शन रहता.' मला कौतुक वाटलं. हातासरशी काच बसवली, कव्हर घातलं, तीनशे रुपये घेतले. फोन बांधताना आतल्या स्क्रूवर दुकानाचं बारीक लाल स्टिकर लावायची आमची पद्धत आहे, तारीख टाकून. त्यात मागचं झाकण उघडून बघायची माझी खोड. तेव्हा तेही लावलं.

सात-आठ महिन्यांनी एक मुलगी आणि तिची मोठी बहीण फुटलेला फोन घेऊन आल्या. पडलेला फोन कोपऱ्यावर फुटतो. हा मधोमध फुटला होता, भिंतीवर मारल्यासारखा. हीट गननं झाकण सोडवलं तर स्क्रूवर माझं स्टिकर, माझ्या अक्षरातली तारीख. बहीण सांगत होती की नंबर बदलला, व्हॉट्सॲप काढून टाकलं, पासवर्ड बदलला, तरी त्याला सगळं कळतं. पासवर्ड बदलला की तासाभरात परत त्याचाच होतो. होणारच. रिकव्हरीचा नंबर त्याचा होता. मी टाकलेला.

मी ते त्यांना सांगितलं नाही. आज लिहितोय. त्या दिवशी मी फक्त नवा अकाऊंट उघडून दिला, पैसे घेतले नाहीत, आणि बहीण 'काका किती चांगले' म्हणाली ते ऐकून घेतलं.

तेव्हापासून मी बघायला लागलो, आणि एकदा बघायला लागलं की दिसतंच. फोनमध्ये लपवलेलं हेरगिरीचं ॲप असतं, नाही असं नाही. 'सिस्टम सर्व्हिस' असलं काहीतरी सरकारी थाटाचं नाव, चिन्ह कोरं, आणि सगळ्या परवानग्या घेऊन बसलेलं. पण माझ्या काऊंटरवर तसे फोन थोडे. बाकीच्यांत चोरी नसतेच. दार आतून उघडलेलं असतं. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' म्हणून एक जागा आहे. एक खातं आणखी चार ठिकाणी चालवता येतं. ती जागा उघडायला सांगितली की एखादा अनोळखी ब्राउझर दिसतो, 'आज सकाळी ६:१० ला सक्रिय'. सकाळी सहाला ती तर झोपलेली असते. तो जागा असतो आणि रात्री आलेले मेसेज तिच्याआधी वाचून घेतो. फोटोंचा बॅकअप त्याच्या खात्यात जात असतो. बँकेचे एसएमएस त्याला दिसतात, म्हणून मिरची भजी कुणाबरोबर खाल्ली याचा हिशोब संध्याकाळी द्यावा लागतो.

आणि यातलं बहुतेक तिनं स्वतः दिलेलं असतं. कधीतरी गोड दिवसांत, 'तुझ्यापासून काय लपवायचंय' म्हणून. पासवर्ड देणं ही आता साखरपुड्यासारखी गोष्ट झाली आहे. तुझा मला, माझा तुला. देताना कुणी मुदत घालत नाही, आणि परत मागितला की प्रश्न येतो: का? काय लपवायचंय? इथं मुलगी गप्प होते. तिला खरंच काही लपवायचं नसतं, त्यामुळं तिच्याकडं उत्तरच नसतं.

पोरी यासाठी जे शब्द वापरतात ते ऐकण्यासारखे असतात. 'थोडा पझेसिव्ह आहे.' 'केअर करतो जास्त.' 'रागीट आहे, पण मनानं चांगला.' झोपताना व्हिडिओ कॉल चालू ठेवून उशाशी फोन लावायचा, हेही केअरमध्येच येतं. कुठं आहेस विचारल्यावर नुसतं सांगून भागत नाही, फोटो पाठवायचा. फोटो जुना नाही हे कळावं म्हणून सांगेल तशी बोटं दाखवायची, दोन म्हटलं की दोन, चार म्हटलं की चार. एका मुलीनं एकाला सगळीकडून ब्लॉक केलं, तर तो तिच्या यूपीआयवर एकेक रुपया पाठवायचा आणि सोबत निरोपाच्या जागी दोन शब्द लिहायचा. 'फोन उचल.' 'बघतो तुला.' एका रात्रीत एक्केचाळीस रुपये जमले होते. ती हसत सांगत होती आणि हात थरथरत होता.

मुलगेही येतात, ते सांगायला हवं. मागच्या पावसाळ्यात एक पॉलिटेक्निकचा पोरगा आला होता. मैत्रिणीनं त्याच्या फोनमधले सगळ्या मुलींचे नंबर काढून टाकलेले, त्यात चुलत बहिणीचाही. त्याच्या मित्रांना यात फक्त गंमत दिसली. त्याला ती दिसत नव्हती. पण पुढं जाऊन धमकी जेव्हा फोटोंवर येते, तेव्हा घाबरलेलं तोंड माझ्यासमोर मुलीचंच असतं. बदनामीचं वजन आपल्याकडं अजून एकाच खांद्यावर टाकतात.

एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. त्या मुलासारखीच मागणी घेऊन माझ्याकडं सर्वात जास्त कोण येतं? बाप येतात. 'पोरीचे मेसेज माझ्या फोनवर आले पाहिजेत.' चांगली शिकलेली, कपाळाला गंध लावलेली आमच्या ओळखीची माणसं. साहित्य परिषदेच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसणारे एक गृहस्थ इसामिया बाजारातून खास चालत आले होते. मी म्हणालो, तिला विचारून करा. ते म्हणाले, तिला विचारायचं असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो! भाऊ येतात. नवरे येतात. सगळ्यांची कारणं त्या बाविशीच्या पोराच्या कारणाइतकीच प्रेमळ असतात. घरात ज्या मुलीचा फोन कुणीही उचलून बघतं, तिला बाहेर एकानं बघितला तर त्यात वावगं काय वाटणार? आणि ज्या पोरानं बहिणीचा फोन तपासला म्हणून घरात शाबासकी घेतली, तो पुढं काय शिकणार?

दुकानापासून पाच मिनिटांवर जुनी ब्रिटिश रेसिडेन्सी आहे, पुढं उस्मानिया विद्यापीठाचं मुलींचं कॉलेज तिथं आलं. ती बांधणाऱ्या रेसिडेंट कर्कपॅट्रिकनं खैरुन्निसा बेगमशी लग्न केलं होतं. ती पडद्यात, तिला वाड्याचा दर्शनी भाग बघायला बाहेर जाता येईना. म्हणून त्यानं तिच्या बागेत सगळ्या वाड्याची छोटी प्रतिकृती बांधून दिली, असं सांगतात. शहरात ही गोष्ट प्रेमाची म्हणूनच सांगितली जाते, आणि असेलही. मी मात्र अलीकडं भेट म्हणून आणलेला नवा फोन बघितला की मला तो बागेतला वाडा आठवतो.

पोलिसांचं म्हणाल तर इथं परिस्थिती इतर शहरांपेक्षा बरी आहे. २०१४च्या ऑक्टोबरात हैदराबादेत 'शी टीम्स' सुरू झाल्या. साध्या कपड्यांतले पोलीस बसस्टॉपवर, कॉलेजबाहेर उभे राहतात, व्हॉट्सॲपवरची तक्रारही घेतात. अल्पवयीन पोरगा असला तर आईबापांना बोलावून समुपदेशन करतात. दोन वर्षांनी बायका-मुलांच्या मदतीसाठी 'भरोसा' केंद्र आलं. कायदाही आहे. २०१३च्या दुरुस्तीत पाठलाग हा गुन्हा झाला आणि त्यात बाईच्या इंटरनेटवरच्या, फोनवरच्या वावरावर पाळत ठेवणंही आलं. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेच्या ७८व्या कलमात आहे, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केलं तर पाचपर्यंत. खासगी फोटो परवानगीशिवाय काढला वा पसरवला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ई. हे आकडे मला पाठ आहेत, कारण काऊंटरवर कुणी रडत असताना काहीतरी ठोस बोलावं लागतं.

पण मुली तिथवर जात नाहीत. कलम त्यांना माहीत नसतं हे खरं, त्याहून मोठी भीती वेगळी असते: फोन जाईल. पोलीस पुरावा म्हणून ठेवून घेतील. नाहीतर घरी कळेल, बाप फोन काढून घेईल, हॉस्टेल सोडवेल, अजिंठा एक्सप्रेसमध्ये बसवून परत नेईल. ज्यानं छळलं तो शिकत राहणार आणि ही गावी. हा हिशोब त्या पोरी मनात पक्का करून आलेल्या असतात, आणि तो चुकीचा आहे असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही.

त्या एक्केचाळीस रुपयांच्या वेळी ओळखीच्या एका महिला फौजदारानं मला एक शिकवलं. मी त्याच्या सगळ्या निरोपांची साफसफाई करून द्यायच्या तयारीत होतो. त्या म्हणाल्या, "काय करता? तोच तर पुरावा आहे." आधी स्क्रीनशॉट, तारीख-वेळ दिसेल असे. कोणती उपकरणं जोडलेली होती, लोकेशन कुणाला जात होतं, सगळं टिपून ठेवायचं, आणि दुसऱ्या कुणाच्या विश्वासाच्या फोनवर पाठवायचं. दुसरं त्यांनी सांगितलं ते अधिक महत्त्वाचं. दार लावलं की पलीकडं कळतं. लोकेशन अचानक गेलं की तो फोन करणार, हॉस्टेलखाली येऊन उभा राहणार. म्हणून कधी बंद करायचं ते मुलीनं ठरवायचं. आपण मेकॅनिक आहोत, आपल्याला बिघाड दिसला की हात शिवशिवतात, ते आवरायचे. वडिलांच्या घड्याळाच्या झाकणाचा नियम मला त्या दिवशी पुन्हा भेटला.

फोटोची धमकी असेल तेव्हा मी 'स्टॉप एनसीआयआय'चं पान तिच्याच फोनवर उघडून देतो. २०२१पासून ते आहे. फोटो कुठंही पाठवावा लागत नाही. फोनमध्येच त्याचा एक आकडी ठसा तयार होतो आणि तेवढाच पुढं जातो. ज्या कंपन्या त्यात आहेत त्या आपल्या ठिकाणी तसा फोटो चढवताना ओळखून अडवतात. अठराच्या आतलं पोर असेल तर त्यासाठी 'टेक इट डाउन' निराळं आहे. मी तोंड रस्त्याकडं करून बसतो आणि नुसतं सांगत जातो: आता हे दाब, आता ते. फोटो आधीच चढला असेल तर तक्रार केल्यावर चोवीस तासांत काढणं २०२१च्या नियमांनी कंपनीवर बंधनकारक केलं, आणि १९३० हा सायबर गुन्ह्यांचा नंबर आहे. दुकानात ते एका पुठ्ठ्यावर लिहून लावलंय, चार्जरच्या किमतींच्या खाली, म्हणजे वाचणाऱ्याला चार्जर बघतोय असं दाखवता येतं.

आता दुसऱ्याचा फोन 'सेट' करून देणं मी बंद केलंय. ज्याचा फोन त्याचं बोट, समोर बसून. पोरं चिडतात, 'क्या चाचा, ज्यादा बातां करते,' म्हणत शेजारी जातात. शेजारी पाचशे रुपयांत होतं. हे मला रोज दिसतं.

तर ती तिसऱ्या ओळीची मुलगी. मी तिला सगळं दाखवलं: बोट, लोकेशन, व्हॉट्सॲपमधला सकाळचा ब्राउझर. कसं काढायचं तेही दाखवलं आणि फोन तिच्याकडं सरकवला. ती बराच वेळ त्या तिसऱ्या ओळीकडं बघत बसली. एकदा बोट 'काढा'वर नेलंही.

"आज नको काका. शनिवारपर्यंत पेपर आहेत. त्यानंतर ताई येणार आहे."

"बरं," मी म्हणालो. तिनं स्क्रीनशॉट काढले, ताईला पाठवले, पाठवलेले मेसेज आपल्या बाजूनं पुसले. इतक्या सफाईनं केलं की मलाच वाईट वाटलं.

उठायला लागली आणि फोन वाजला. तिनं एका वाजण्यात उचलला. "सुलतान बाजारात. मोबाईलच्या दुकानात... काच बसवायला आलेय... हो, पाच मिनिटं."

तिच्या फोनवरची काच चांगली होती. मी काही न बोलता ती कोपऱ्यातून उचलली, स्पिरिटच्या फडक्यानं स्क्रीन पुसली, स्टिकरनं धूळ टिपली आणि नवी काच मधोमध सोडली. ती पसरत जाताना कडेला एक बुडबुडा राहिला. जुन्या एटीएम कार्डानं तो हळूहळू बाहेर ढकलला. जुनी काच मी सगळ्यांना दिसेल अशी काऊंटरवर ठेवली.

पुन्हा फोन. तिनं स्क्रीनकडं बघितलं आणि मग माझ्याकडं.

"काका, दुकानाचा फोटो मागतोय. तुम्ही जरा बाजूला होता का?"

मी स्टूल मागं सरकवून खांबाआड झालो. तिनं काऊंटरचा, जुन्या काचेचा फोटो काढला. कडेला डाव्या हाताची तीन बोटं होती.